महामारी आणि तरुणांची समाजदृष्टी : प्रस्तावना

कोणत्याही समाजावर महामारीचे अरिष्ट कोसळले म्हणजे सरकारी दप्तरात मृतांची संख्या लिहिली जाते, बाधितांचे तक्ते मांडले जातात, खर्ची पडलेल्या रकमांचा हिशेब यथावकाश विधिमंडळापुढे येतो. परंतु त्या अरिष्टातून जे वाचले, आणि त्यांतही ज्यांचे सारे आयुष्य अद्याप पुढे होते, त्यांच्या मनात शेजाऱ्याविषयी, सरकारविषयी, वडीलधाऱ्यांविषयी आणि शास्त्राविषयी जी मते त्या काळात घडली किंवा मोडली, त्यांची नोंद ठेवण्याची तरतूद कोणत्याच खात्याकडे नसते. २०२० च्या मार्चपासून सुमारे दोन वर्षे महाराष्ट्राने जे भोगले, त्यात अधिकृत नोंदीप्रमाणेच १ लाख ४८ हजारांच्या घरात माणसे दगावली. राष्ट्रीय युवा धोरणाने २०१४ साली 'युवा' म्हणून पंधरा ते एकोणतीस ही वयोमर्यादा ठरविली आहे. त्या वयाच्या मुलामुलींना या रोगाने तुलनेने कमी मारले, हे खरे. पण वर्ग बंद पडले ते त्यांचे, परीक्षा लांबल्या त्या त्यांच्या, हाती आलेली पहिली नोकरी गेली तीही बहुधा त्यांचीच. आणि घरातील कर्ता माणूस दवाखान्यातून परत न आल्याने रातोरात संसाराचा भार ज्यांच्या खांद्यावर आला, त्यांत विशीतली पोरे किती होती, हे ज्याने त्या वर्षी चार घरी सांत्वनाला जाणे-येणे केले असेल त्याला सांगावे लागू नये. या मुलामुलींची समाजाकडे पाहण्याची दृष्टी हा प्रस्तुत संग्रहाचा विषय आहे.

विषयाला शास्त्रीय नाव अलीकडे मिळाले असले तरी त्याची सामग्री आपल्या इतिहासात केव्हाची पडून आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ गाब्रियेल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला, आणि पुढील काही महिन्यांत मुंबई इलाख्याची घडीच विसकटली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता होती. काही लाख लोक शहर सोडून गावाकडे निघाले. आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा तो कायदा संमत झाला, ज्याचाच आधार घेऊन १२३ वर्षांनंतर महाराष्ट्र सरकारने कोविडचे हुकूम काढले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली, गोऱ्या सोजिरांनी मार्चपासून मेपर्यंत घरोघर झडत्या घेतल्या, माजघरात आणि देवघरात बूट शिरले, संशयितांना छावणीत हलविण्यात आले, सामानाची होळी झाली. आणि २२ जून रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघेही बंधू तेव्हा तिशीच्या आतले होते, आणि धाकटा वासुदेव तर मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. त्यांच्या कृत्यात प्लेगकालीन अपमानाचा सूड होता, हे आपण शालेय पुस्तकांत वाचतो आणि ते खोटे नाही. तथापि दामोदराने तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त जो लक्षपूर्वक वाचील, त्याला असे दिसेल की परकीय सत्तेविषयीचा द्वेष, सुधारकांविषयीचा संताप आणि धर्म बुडत असल्याची धास्ती ही त्रयी त्या मनात प्लेगच्या आधीच मुरलेली होती. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले ते रँड पुण्यात येण्यापूर्वी. महामारीने ही वृत्ती निर्माण केली नाही. तिला एक चेहरा, एक तारीख आणि एक रस्ता दिला. याच वर्षी, याच शहराच्या वेशीबाहेर, सावित्रीबाई फुल्यांचा दत्तक पुत्र डॉ. यशवंत हा पंचविशीच्या आतला तरुण हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना थाटून प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होता. मुंढव्याच्या एका लागण झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रोग एक, शहर एक, कायदा एक, वयही जवळजवळ एक; पण एका घरातील तरुणांना त्या महामारीत परकी सत्ता दिसली, तर दुसऱ्या घरातील तरुणाला ज्याला कोणी शिवत नाही असा रोगी दिसला. एका पिढीची एकच वृत्ती असते, असे गृहीत धरून लिहिणाऱ्यांनी या दोन घरांतील अंतर आधी समजावून घ्यावे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

आणखी एक गोष्ट याच प्रकरणात आहे, तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. एकतीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांचे आरोप तेथे जाहीर केले, सरकारने पुरावा मागितला, आणि पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही नाव देऊन पुढे येण्यास तयार नसल्याने त्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. साथीच्या दिवसांत तक्रार सर्वांची असते, साक्ष मात्र कोणाची नसते. आणि आपले वडील घरात बोलतात ते चावडीवर बोलत नाहीत, हे ज्या तरुणांनी त्या वर्षी पाहिले असेल, त्यांनी त्यातून समाजाविषयी काय धडा घेतला असेल, याचा विचार इतिहासकाराने करावयास हवा.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी इतक्या तपशिलाने लिहिता येत नाही, याचेच दुःख आहे. जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरलेल्या त्या तापाने सप्टेंबर-ऑक्टोबरात जे भीषण रूप धारण केले, त्यात हिंदुस्थानात सव्वा कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हेच एक दशक असे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. हा रोग वीस ते चाळीस या वयाच्या धडधाकट माणसांना विशेषेकरून मारीत असे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक मुंबईच्या चाळींतून औषधे वाटीत फिरले. असे असूनही आपल्या सार्वजनिक स्मृतीत या साथीला प्लेगच्या शतांशही जागा मिळाली नाही. प्लेगला रँड होता, फाशी होती, राजद्रोहाचा खटला होता. इन्फ्लुएंझात बोट दाखवावे असा कोणी नव्हता. ज्या अरिष्टाला खलपुरुष सापडत नाही ते लोक विसरतात, असा माझा तर्क आहे, आणि तो २०२० च्या पिढीच्या बाबतीत खरा ठरतो की काय, हे पाहण्याची जबाबदारी अशा पुस्तकांवर आहे.

आता शास्त्राकडे वळू. तरुण माणसे साथीत कशी वागतात, याचे चित्रण करणारा पहिला मोठा ग्रंथ कथांचा आहे: १३४८ च्या प्लेगमधून बाहेर पडून फ्लॉरेन्सबाहेरच्या हवेलीत गोष्टी सांगत बसलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण ही बोकाच्चिओच्या 'डेकामेरॉन'ची चौकट. शास्त्रीय विचार मात्र विसाव्या शतकातला, आणि तो निरनिराळ्या दिशांनी आलेल्या तीन-चार प्रवाहांचा आहे. पहिला प्रवाह मोजमापाचा. वृत्ती मोजता येतात, असे थर्स्टनने १९२८ साली प्रतिपादिले, आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पायऱ्या आखणारी जी प्रश्नावली आज आपल्या प्रत्येक महाविद्यालयात वाटली जाते ती १९३२ मध्ये लायकर्टने रूढ केली. या विश्वासाला तडा जाण्यास दोनच वर्षे लागली. लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका चिनी दांपत्याबरोबर देशभर प्रवास केला, अडीचशेहून अधिक खानावळी व उतारगृहांत ते गेले आणि त्यांना नकार मिळाला तो केवळ एकदा. परंतु पुढे त्याच मालकांना पत्राने विचारता, उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही, असे कळविले. माणूस कागदावर एक असतो आणि दारात दुसरा, ही गोष्ट या विद्येच्या अभ्यासकाला कधीही नजरेआड करता येत नाही.

दुसरा प्रवाह पिढीच्या विचाराचा. कार्ल मानहाइमने १९२८ च्या आपल्या निबंधात असे मांडले की, केवळ एका सालात जन्मल्याने पिढी बनत नाही. कोवळ्या वयात एकाच ऐतिहासिक उलथापालथीत सापडल्याने ती बनते, आणि तशी बनल्यावरही तिच्यात परस्परविरोधी गट असतात, कारण त्याच अनुभवाची घडण प्रत्येक गट आपापल्या रीतीने करतो. चापेकर आणि यशवंत फुले यांचे कोडे उलगडण्यास याहून उपयुक्त किल्ली मला आढळलेली नाही. ग्लेन एल्डरने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेल्या कॅलिफोर्नियातील मुलांचा, महामंदीपासून प्रौढपणापर्यंत, मागोवा घेतला आणि दाखविले की, मंदीचा परिणाम मुलांवर थेट न होता घराच्या द्वारे झाला: बापाची मिळकत बुडाली, आईने काम धरले, मुलांनी घरकाम उचलले आणि त्यातून त्यांचे स्वभाव घडले. आपल्याकडे याचा अर्थ लावावयाचा तर रिक्षाचे हप्ते थकलेले घर आणि पगार चालू राहिलेले घर यांतील दोन मुले एकाच वर्गाच्या पटावर असली तरी ती एकाच महामारीतून गेली, असे म्हणता येणार नाही. क्रॉस्निक व ॲल्विन यांनी १९८९ मध्ये असे दाखवून दिले की, राजकीय व सामाजिक मते अठरा ते पंचवीस या वयात सर्वांत नरम असतात आणि पुढे ती थिजत जातात.

तिसरा प्रवाह साथीचेच समाजशास्त्र मांडणारा. फिलिप स्ट्राँगने १९९० मध्ये म्हटले की, रोगाच्या साथीबरोबर आणखी तीन साथी पसरतात: एक भयाची, दुसरी कारणमीमांसेची व दोषारोपाची, तिसरी उपायांच्या धडपडीची, आणि त्या तोंडातोंडी पसरतात. चार्ल्स रोझेनबर्गने साथीला नाटकाच्या अंकांसारखी रचना असते, असे त्याच्या आदल्याच वर्षी लिहिले होते. यांच्या शेजारी स्टॅन्ली कोहेनचा १९७२ चा ग्रंथ ठेवावा, कारण समाज घाबरला म्हणजे तो तरुणांनाच कसा गुन्हेगार ठरवितो, याचे त्यात जे विवेचन आहे ते २०२० साली जगभर पुन्हा खरे झाले: सागरकिनाऱ्यावर किंवा पुलावर जमलेल्या पोरांचे एक छायाचित्र वर्तमानपत्रात आले की सगळ्या पिढीला बेजबाबदार म्हणून मोकळे होता येई.

या सर्वांहून ताजे, आणि माझ्या मते अत्यंत महत्त्वाचे, काम अक्सोय, आयकनग्रीन आणि साका या अर्थशास्त्रज्ञांचे आहे. सुमारे १४० देशांतील २००६ ते २०१८ या काळच्या जनमत-पाहण्या तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, अठरा ते पंचवीस या वयात ज्यांच्या देशात साथ येऊन गेली, त्यांचा सरकार, निवडणुका व राजकीय नेते यांवरील विश्वास पुढे दीर्घकाळ खालावलेला राहतो. शास्त्राच्या बाबतीतही त्यांना असेच आढळले: विद्या म्हणून शास्त्रावरचा भरवसा टिकतो, शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावरचा मात्र डळमळतो. हे संशोधन कोविडपूर्वीच्या साथींचे आहे, म्हणून ते आपल्याला भविष्य सांगत नाही. पण ज्या प्रश्नाभोवती हा संग्रह फिरतो तो प्रश्न ते नेमका पुढे ठेवते. रोगजंतूने कोणाचा विश्वास नाहीसा होत नाही. विश्वास जातो तो त्या दिवसांत कोणी दिलेला शब्द फिरविला, कोणी दार लावून घेतले, कोणी रांग मोडली, हे डोळ्यांनी पाहिल्यामुळे. आणि तो जडतोही तसाच, कोणी दार उघडले हे पाहिल्यामुळे.

२०२० च्या एप्रिलात महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या, बैलगाडीचे जू, आडवे लावलेले ट्रॅक्टर दिसू लागले. तेथे मांडवाखाली एक टेबल असे, त्यावर शाळेतून आणलेली रेघी वही, दोरीने बांधलेले पेन, हात धुण्याच्या औषधाची बाटली. आणि तोंडाला रुमाल बांधलेली चार पोरे येणाऱ्याला थांबवून नाव काय, आलात कुठून, उतरणार कोणाकडे, हे विचारून वहीत उतरून घेत. या पोरांना ना पगार होता ना अधिकारपत्र. गावाने त्यांना उभे केले होते आणि त्यांतील पुष्कळांना आयुष्यात प्रथमच गावाने काही काम सांगितले होते. वहीत लिहिलेले आडनाव अनेकदा लिहिणाऱ्याचेच असे, कारण मुंबई-पुण्याहून चालत किंवा टेम्पोने परतणारा माणूस हा त्याचा चुलता, मावसभाऊ, कधी सख्खा भाऊच असे. कोकणात चाकरमान्यांना शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवले गेले. 'मुंबईकर आले की रोग आला' असे पारावर उघड बोलले गेले. आणि तसे बोलणाराच पोरगा संध्याकाळी शाळेच्या खिडकीच्या गजांतून भाकरीचा डबा आत सरकवून उंबऱ्यापासून दोन हात दूर उभा राहून घरची खबर सांगत असे. यातील त्याची खरी वृत्ती कोणती? लापिएरला जो पेच पडला तोच येथे अधिक ठळकपणे उभा राहतो, कारण कठोर बोलणे आणि मायेचे वागणे ही एकाच माणसाची, एकाच दिवसाची होती. या संग्रहातील ग्रामीण विभागाचे लेख हा पेच सोडविल्याचा आव आणीत नाहीत, हे त्यांचे बळ आहे.

दोषारोपाची साथही तशीच आली. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर भाजी-फळे विकणाऱ्या मुसलमानाला नाव विचारून परत पाठविण्याचे प्रकार घडले, आणि तशा आशयाचे संदेश पुढे ढकलणाऱ्या हातांत तरुण हात कमी नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचा स्पष्ट अभिप्राय दिला. तो निर्णय संदेशाइतका फिरला नाही. त्याच काळात अकोल्यासारख्या शहरांत, ज्या हिंदू मृतांना खांदा देण्यास नातेवाईक धजत नव्हते, त्यांना अग्नी देण्याचे काम मुस्लिम तरुणांच्या गटांनी केले. हे दोन्ही ज्या अठरा वर्षांच्या मुलाने पाहिले, त्याचे मत काय झाले असेल, हे केवळ प्रश्नावलीने कळणारे नाही.

अफवेच्या बाबतीत आपल्या देशाने या विद्येला एक मोलाची देणगी दिली आहे, तिचे स्मरण येथे करावेसे वाटते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी तेथे उठलेल्या वदंता गोळा करून त्यांचा अभ्यास केला, आणि धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही अशा भागांत आणखी भयंकर संकट येणार असल्याच्या वार्ता पसरल्या, ही त्यांतील गोष्ट पुढे लिऑन फेस्टिंगरला विचारप्रवृत्त करून गेली: भय आधी असते, त्याला शोभेल असे कारण लोक मागाहून शोधतात. लसीने वंध्यत्व येते, गरम पाण्याने विषाणू मरतो, अमुक भागातून येणारी वाहनेच रोग आणतात, अशा वार्तांना खेड्यातील अज्ञान म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

शहरातील तरुणांचा प्रश्न निराळ्या ठिकाणी पेटला. पुण्याच्या नवी पेठ-सदाशिव पेठ भागात स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिका आहेत; एका माणसाला जेमतेम कोपर टेकता येईल अशा फळीच्या कप्प्यांवर क्रमांक चिकटविलेले, समोर हाताने लिहिलेले वेळापत्रक, पायाशी पाण्याची बाटली, बाहेर मेसच्या डब्यांची रांग. मराठवाडा-विदर्भातून बापाने उसनवारीवर पाठविलेली मुले तेथे चार-चार वर्षे काढतात. २०२० च्या एप्रिलात व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा वारंवार पुढे गेली, आणि अखेर १४ मार्च २०२१ ही तारीख येऊन ठेपली असता ११ मार्चला ती पुन्हा लांबविल्याचे जाहीर झाले. त्या दुपारी हजारो मुले शास्त्री रस्त्यावर बसली, नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर येथेही तसेच झाले, आणि परीक्षा २१ मार्चला घेण्यात आली. या प्रसंगाकडे केवळ नोकरीच्या घाईचे आंदोलन म्हणून पाहणे चुकीचे होईल. सभा चालतात, लग्ने होतात, मग आमचीच परीक्षा रोगाला कशी भिते, हा त्या मुलांचा सवाल होता. नियमाला त्यांचा विरोध नव्हता, नियम सर्वांना सारखा नाही, याला होता. उद्या जे तहसीलदार आणि पोलीस उपअधीक्षक म्हणून नियम राबविणार, त्यांनी नियमाविषयीचे आपले मत त्या दुपारी रस्त्यावर बसून बनविले.

नियमाच्या समानतेचाच आणखी एक प्रसंग लसीच्या वेळचा. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली, पण नोंदणी मोबाइलवरून, आणि जागा क्षणात संपत. पुण्या-नाशिकच्या मुलांनी आसपासच्या तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांची वेळ मिळवली आणि मोटारी, दुचाक्या घेऊन ती तेथे पोहोचली. केंद्राच्या व्हरांड्यात शहराची मुले खुर्चीवर टोकनची वाट पाहत बसलेली आणि कुंपणाबाहेर त्याच गावची पोरे पाहत उभी, असे दृश्य त्या आठवड्यांत अनेक ठिकाणी होते. शहरातल्या मुलांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. त्यांतील एकाने या संग्रहातील मुलाखतीत म्हटले आहे की, लस घेतली तेव्हा सुटल्यासारखे वाटले आणि परत येताना कोणाच्या तरी ताटातले खाल्ल्यासारखे वाटले. गावाकडील तरुणांच्या मुलाखती त्याच्या लगोलग छापल्या आहेत, हा संपादकांचा उत्तम निर्णय.

शिक्षणाच्या बाबतीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही; २०२१ मध्ये परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनाने दहावीचा निकाल ९९.९५ टक्के व बारावीचा ९९.६३ टक्के लागला. अंतिम वर्षाच्या पदवी परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाने परीक्षेशिवाय पदवी देण्याची मुभा नाकारली गेली. कोकणात नेटवर्क मिळते म्हणून टेकडीवर खोपट बांधून शिकणाऱ्या मुली होत्या, तशा आश्रमशाळा बंद पडून घरी आलेल्या आणि पुन्हा शाळेत न गेलेल्या मुलीही होत्या. पहिलीचे कौतुक वर्तमानपत्रांनी भरभरून केले, दुसरीची वार्ता लागण्यास तिच्या पाड्यापर्यंत जावे लागले. ज्यांना 'कोविड बॅच' म्हणून नोकरीच्या मुलाखतीत खिजविले गेले, त्यांच्या मनात गुणवत्ता, परीक्षा आणि न्याय या तिन्ही कल्पनांविषयी जो कडवटपणा साचला आहे, तो मला चिंतेचा विषय वाटतो.

हा संग्रह आजच का, असे कोणी विचारील. १८९७ च्या साथीत घडलेली मते १९०८ च्या राजकारणात उतरली, असे म्हणण्यास आधार आहे. १९१८ ची मते कुठे उतरली, हे कोणी विचारलेच नाही म्हणून आज सांगता येत नाही. २०२० साली वीस वर्षांचा असलेला तरुण आता मतदार आहे, शिक्षक आहे, आशासेविकेचा नवरा आहे, ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. त्याची आठवण अजून ताजी आहे, परंतु ती झपाट्याने गोष्टीत रूपांतरित होत आहे, आणि गोष्ट झाली की तीतील अडचणीचे भाग गळून पडतात. निवासी डॉक्टर म्हणून विशी-पंचविशीत अतिदक्षता विभागात उभ्या राहिलेल्यांशी बोलताना हे मला प्रकर्षाने जाणवले: टाळ्या आणि थाळ्या त्यांना आठवतात, आणि त्याच आठवड्यात घरमालकाने खोली सोडण्यास सांगितले, हे विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

संपादकांनी येथे महाराष्ट्रातील तरुणांचे सर्वंकष सर्वेक्षण केल्याचा दावा केलेला नाही, आणि तसा करावयास ते तयार नव्हते, याचा मला आनंद आहे. त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या आहेत: इतिहासाचे निबंध, ठिकठिकाणच्या तरुणतरुणींच्या विस्तृत मुलाखती, आणि एका छोट्या प्रश्नावलीची उत्तरे, आणि या तिन्हींतून निघणारी उत्तरे जेथे जुळत नाहीत तेथे ती न जुळलेलीच राहू दिली आहेत. काही लेखांच्या निष्कर्षांशी माझा मतभेद आहे. विशेषतः समाजमाध्यमांना सर्व दोष देणारा जो सूर एक-दोन ठिकाणी लागला आहे तो मला मान्य नाही, कारण त्याच माध्यमांवरून २०२१ च्या एप्रिलात अनोळखी मुलांनी अनोळखी घरांसाठी रात्र रात्र प्राणवायूचे सिलिंडर आणि खाटा शोधल्या. उणीवही एक मोठी आहे. टाळेबंदीच्या काळात ज्यांची लग्ने घाईघाईने उरकली गेली त्या मुली या पुस्तकात जवळजवळ नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न झाले, पण बोलण्यास सासरची परवानगी लागते, आणि परवानगी देणाऱ्यासमोर दिलेल्या उत्तराला काय किंमत द्यावी, हा प्रश्न उरतो. पुढील अभ्यासकांनी प्रथम हे काम हाती घ्यावे.

त्यांना एक सूचना करून थांबतो. २०२० मध्ये जी मुले नऊ-दहा वर्षांची होती ती २०२८ च्या सुमारास अठरा वर्षांची होतील, म्हणजे मते घडण्याच्या त्या वयात शिरतील. महामारी त्यांनी घरात कोंडलेल्या बालपणातून पाहिली, आणि त्यांची तुलना या पुस्तकातील पिढीशी करता आली तरच कोणती मते साथीची आणि कोणती वयाची, हे वेगळे काढता येईल. त्यासाठी संपूर्ण प्रश्नावली परिशिष्टात दिली आहे. ज्यांना ती वापरावयाची असेल त्यांनी ती खुशाल वापरावी, कोणाची परवानगी लागणार नाही. फक्त प्रश्नांचा क्रम आणि त्यांतील शब्द आहेत तसेच ठेवावेत, कारण ते बदलले तर दोन्ही पिढ्यांच्या उत्तरांची तुलना करता येणार नाही.